रोगांचे वर्गीकरण शिकताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी

तक्ता पाठ करायला बसू नकोस. आधी प्रत्येक रोगाला एकच प्रश्न विचार: हा कशामुळे होतो? जिवाणू, विषाणू, बुरशी, आदिजीव (प्रोटोझोआ, म्हणजे अमिबासारखे एकपेशीय जीव) की कृमी? यांपैकी काहीच नसेल तर आहारातली कमतरता, जनुकीय दोष, संप्रेरकांचा बिघाड वगैरे पाहायचे. 'क' जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही, जनुकातल्या बदलामुळे सिकलसेल. हा भाग सोपा आहे.

नवशिके अडकतात ते कारक आणि वाहक यांत. मलेरियाचे कारण डास नव्हे, प्लाझमोडियम हा आदिजीव. ॲनाफिलिस डासाची मादी फक्त तो पोहोचवते. परीक्षेत हे हमखास विचारतात. दुसरा घोळ म्हणजे संसर्ग झाला की तो माणसाकडून माणसाकडे पसरणारच, असे समजणे. धनुर्वात जिवाणूमुळे होतो, पण रुग्णाजवळ बसल्याने होत नाही; जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि जखमेतून शिरतात.

आणि हो, कप्पे पक्के नसतात. पोटातल्या अल्सरचा दोष बराच काळ ताण आणि तिखटावर टाकला जायचा. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग स्वतः संसर्गजन्य नाही, तरी बहुतेक वेळा मुळाशी एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू असतो. टाइप २ मधुमेहात तर आनुवंशिकता, वजन, बैठी जीवनशैली सगळेच एकत्र येते. तिथे एकच कारण लिहिलेस तर माझ्या मते उत्तर अर्धवट.

जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण नंतर चाळ, आत्ता नको.