रियाजातला खाडा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणीकडच्या वादकांची पत्रं जास्त आहेत. वाद्यं वेगवेगळी असली तरी बहुतेकांची अडचण सारखीच आहे: रोज बसायला जमत नाही आणि न बसल्याची रुखरुख लागून राहते.

प्रश्न : उद्यमबागेत फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामाला) आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सेकंड शिफ्ट असली की तबल्याला हात लागत नाही, म्हणून रविवारी सकाळी तीन-साडेतीन तास बसून आठवड्याचं भरून काढतो. हल्ली उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूला कळ येते. गुरुजी म्हणतात, दुखतंय म्हणजे हात तयार होतोय. काही दिवस तबला बंद ठेवू का?

तबल्यापेक्षा आधी रविवारची बैठक बंद करा. राहिलेला रियाज भरून काढायचा नसतो, तो गेला तो गेला. उसाची एक पाळी चुकली म्हणून पुढच्या पाळीला दुप्पट पाणी सोडलं तर सरी फुटते, ऊस काही दुप्पट वाढत नाही.

कारण असं. दमलेला स्नायू एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडऱ्यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे वाढलेला भार पेलायला त्यांना आठवडे लागतात. तुमच्या मनगटावर तर सहा दिवस हँड ग्राइंडरची थरथर आणि घट्ट पकड यांचा भार आधीच पडलेला असतो. रविवारी तुम्हाला सुट्टी असते, मनगटाला नसते. त्यात तीन तास तिरकिट, धिरधिर असे बोल वाजले की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरेचं आवरण सुजतं.

अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी चर्रकन कळ आली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, त्याआधी तबल्याला हात लावू नका. चहाचा कप उचलताना किंवा किल्ली फिरवताना दुखत असेल तरी हेच. रात्री अंगठ्यापासूनच्या तीन बोटांना मुंग्या येत असतील तर तो मनगटातल्या नसेचा प्रश्न असू शकतो, तेही डॉक्टरांना सांगा.

दुखणं एवढं नसेल तर पहिले दहा दिवस फक्त ना, तिं, तूं हे सुटे बोल, मध्यम आवाजात, दिवसाआड १५ मिनिटं वाजवा. त्यानंतर शिफ्टप्रमाणे वेळ ठरवा. सकाळची शिफ्ट असेल तर घरी येऊन तासभर हात मोकळा ठेवून मग २५ मिनिटं. सेकंड शिफ्टला कामावर जायच्या आधी २० मिनिटं. रात्रपाळीहून आल्या आल्या बसू नका, आधी झोप काढा. ओव्हरटाइम झाला त्या दिवशी तबला झाकूनच ठेवा आणि हातावर ताल धरून पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. पढंतीचा दिवस वाया गेला असं समजू नका. जो कायदा (बोलांची बांधलेली रचना) तोंडात अडखळतो तो हातातही अडखळतो, आणि तोंड दुखत नाही.

२० मिनिटांत ५ मिनिटं सुटे बोल, १० मिनिटं एकच कायदा, मधे दोन मिनिटं हात मांडीवर सैल, उरलेल्या वेळात त्याचे दोन-तीन पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार. लय मिनिटाला ६० मात्रांपासून धरा. बोल स्वच्छ निघत असतील तर आठवड्याला ४ मात्रा वाढवा, नसतील तर आहे तिथेच थांबा. रविवारी जास्तीत जास्त ५० मिनिटं, तीही दोन बैठकांत.

बैठकही तपासा. तबला फार उंच राहिला की मनगट वर मोडतं आणि अंगठा हवेत ताठ राहतो. कोपर ते बोटं साधारण एका रेषेत यायला हवीत. रोजच्या रियाजाला चढ्या सुराचा, कडक ताणलेला तबला घेऊ नका. त्याच्या चाटेवरचा (कडेच्या चामड्यावरचा) प्रत्येक घाव उलटून मनगटात येतो.

गुरुजींचं म्हणणं सगळंच चूक नाही. दंडात आणि पंजात पसरलेलं, सकाळपर्यंत जाणारं जडपण चालतं. एका बिंदूत टोचणारं आणि दुसऱ्या सकाळीही असणारं दुखणं चालत नाही. नुसतं 'हात दुखतो' म्हणू नका, बोट ठेवून जागा दाखवा. गुरुजींचं उत्तर बदलेल.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, शहापुरात पेटी शिकते. एसएसएलसी संपली की लगेच एप्रिल-मेच्या सत्रात तिची पेटीची मध्यमा प्रथमची परीक्षा. बाई म्हणतात, एक दिवस चुकला तर आठ दिवस मागे जाल. घरी रोज वाद. काय करावं?

बाईंचं वाक्य धाकासाठी ठीक आहे, हिशेबासाठी नाही. हातात बसलेली बोटांची वाट आठ दिवसांत पुसली जात नाही. खाड्याने आधी जातो तो वेग आणि दोन सुरांमधली सफाई, आणि हे दोन्ही नियमित बसलं की थोड्या दिवसांत परत येतं. ज्या गोष्टी अजून पक्क्याच झालेल्या नाहीत, म्हणजे याच महिन्यात घेतलेल्या ताना, त्या मात्र खरोखर निसटतात. म्हणून जानेवारीनंतर नवीन राग काढू नका. आहेत तेच फिरवत ठेवा.

जानेवारीपासून दहावीच्या लेखी परीक्षेपर्यंत आठवड्याला चार दिवस, २० मिनिटं. त्यातली ५ मिनिटं अलंकार (दर वेळी वेगळ्या पट्टीत), १० मिनिटं एका रागाची बंदिश आणि चार-पाच ताना, ५ मिनिटं तिला आवडेल ते. आठवड्यातून एक दिवस पेटी न उघडता परीक्षेतला एखादा राग ऐकायचा. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखा पेटीवादक बेळगावातच होऊन गेला, त्यांचं वादन यूट्यूबवर सापडतं. ऐकण्याचा दिवस हा रियाजातलाच दिवस. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले गायक कुमार गंधर्व क्षयाच्या आजारामुळे देवासला काही वर्षं गाऊ शकत नव्हते. त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि पुढे ती त्यांच्या गाण्यात उतरली.

पेपर चालू असताना नियम नको. वाजवावंसं वाटलं तर १० मिनिटं, नाही तर नाही. शेवटच्या पेपरनंतर पहिल्या आठवड्यात ३० मिनिटं, दुसऱ्यात ४५, पुढे एक तास, सकाळ-संध्याकाळ विभागून. बहुतेक मुलांचं इथेच बिघडतं. पेपर संपल्या दिवशीच तीन तास बसवतात आणि चार दिवसांत भात्याच्या हाताचा खांदा धरतो. भाता मनगटाने आणि कोपराने हलका मारायचा असतो, खांदा उचलून नव्हे.

अवघड तान रात्री झोपायच्या आधी हळू लयीत पाच-सहा वेळा स्वच्छ वाजवून तिथेच थांबावं. बोटांचं शिकणं झोपेत पक्कं होतं. दहावीच्या मुलीची झोप कापून रियाज करवून घेणं हे म्हणूनच दोन्हीकडून नुकसान.

प्रश्न : खानापूर तालुक्यात वारकरी भजनी मंडळात पखवाज वाजवतो. मागच्या सप्ताहात सातही दिवस हरिपाठ आणि रात्रीचं कीर्तन एकट्याने वाजवलं. शेवटी बोटं सुजली, मान धरली. मग पंधरा दिवस पखवाज बाजूला ठेवला, तर हात पार जड झाला. पुढच्या सप्ताहाला काय वेगळं करू?

पहिलं म्हणजे जोडीदार शोधा. हरिपाठ एकाने, कीर्तन दुसऱ्याने, दुसऱ्या दिवशी उलट. गावात वाजवणारं दुसरं कोणी नसेल तर शेजारच्या गावच्या मंडळाशी आधीच बोलून ठेवा. अशी देवाणघेवाण आपल्याकडे सहज होते, फक्त कोणी मागत नाही.

तयारी तीन आठवड्यांची. पहिल्या आठवड्यात पाच दिवस ४० मिनिटं, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ७५ आणि त्यात एकदाच दोन तासांची सलग बैठक. सप्ताहाच्या आदले दोन दिवस फक्त २० मिनिटं, तेही हलकं. तुमची मान धरली त्याचं कारण वेगळंच असावं. घरी रियाज बसून होतो आणि कीर्तनात पखवाज गळ्यात अडकवून उभं राहावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात निम्मा रियाज उभ्याने, गळ्यात घेऊन करा. पट्टा चार बोटं रुंद असावा. दोरीसारखा बारीक पट्टा खांद्याच्या वरच्या स्नायूत रुततो.

सप्ताह चालू असताना दिवसा वेगळा रियाज नको. बोट सुजलं तर थंड पाण्याची पट्टी १० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्वचेला चिरा पडत असतील तर रात्री व्हॅसलीन लावा, वाजवायच्या आधी नको, हात घसरतो आणि पुडीही (वाद्याच्या तोंडावरचं चामडं) खराब होते.

सप्ताह संपल्यावर दोन दिवस पूर्ण सुट्टी. तिसऱ्या दिवशी १५ मिनिटं, मग आठवडाभर नेहमीच्या निम्मं. सूज उतरलेली असताना पंधरा दिवस थांबायचं कारण नव्हतं. जडपण त्यानेच आलं.

सुट्टीच्या दिवसांत धुमेला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) लावलेली कणीक तशीच ठेवली नव्हती ना? वाळलेली कणीक चामडं ओढते आणि तिच्या वासाने उंदीर-झुरळं पुडी कुरतडतात. वाजवून झालं की कणीक ओली असतानाच काढा, ओलसर फडक्याने पुसा, मग कोरड्या. वाळलेली खरवडली तर चामड्याचा पापुद्रा सोबत निघतो.

प्रश्न : निपाणीत सतार शिकते आहे. डाव्या हाताच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला चिरा पडतात. सुट्टी घेतली की घट्टे मऊ होतात आणि पुन्हा पहिल्यापासून. किती दिवस थांबलेलं चालतं?

दोन-तीन दिवसांत घट्ट्याला काही होत नाही. दोन आठवडे तारेला बोटच लागलं नाही तर तो पातळ होतो. चीर उघडी असेल, रक्त दिसत असेल तर ती मिटेपर्यंत मींड (तार बाजूला ओढून सूर वळवणं) बंद. तेवढे दिवस उजव्या हाताची नखी घालून मोकळ्या तारेवर दा-रा-दिर हे बोल वाजवत राहा. भांडी किंवा धुणं झाल्यावर अर्धा तास तरी तारेला हात लावू नका, भिजलेल्या त्वचेत तार चाकूसारखी जाते. बोट अडखळत असेल तर खोबरेल तेलाचा कापसाचा बोळा जवळ ठेवून त्यावर बोट नुसतं टेकवा. एवढं करूनही त्याच जागी चीर पडत असेल तर बाजाची (मुख्य वाजवायची) तार गंजली आहे का पाहा. तार स्वस्त आहे, बदला. पडद्यांवर खाचा पडल्या असतील तर मात्र मिरजेच्या कारागिरांकडे सतार न्यावी लागेल.

प्रश्न : जांबोटीकडे पावसाळ्यात आठ-दहा दिवस भजन बंद असतं. पेटी तशीच ठेवली की सूर अडकतात. वाद्याला विश्रांती चालत नाही का?

तुमच्याकडच्या पावसात नाही चालत. ओलीने लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात. दाबलेली पट्टी वर येत नाही आणि सूर बोलतच राहतो. रिडांवरही (सूर देणाऱ्या पितळी पात्यांवरही) ओलीने थर चढतो. तुम्हाला वाजवायचं नसलं तरी दर दोन दिवसांनी पाच मिनिटं भाता भरून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पट्टी दाबत जा. आत हवा खेळली की निम्म्या तक्रारी येत नाहीत. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नको, लाकडी पाटावर ठेवा आणि वर सुती कापड टाका. प्लॅस्टिकने झाकलं तर ओल आतच कोंडते. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवायला ठेवू नका, भात्याच्या घड्या आणि सांधे सुटतात. अडकलेली पट्टी पॉलिश पेपरने घरी घासूही नका. पाऊस सरला की ती आपोआप आक्रसते आणि मग घासलेली जागा खुळखुळायला लागते.