वाचकांचे प्रश्न : वेग वाढवावा की स्विंग जपावा?

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा पुतण्या क्लबकडून मध्यमगती गोलंदाजी करतो. नवा चेंडू तो उत्तम स्विंग करत असे, म्हणजे हवेत वळवत असे. परंतु निवड चाचणीत सर्वांचे लक्ष वेगाच्या आकड्याकडे असल्याचे पाहून त्याने वेगाचा ध्यास घेतला आणि स्विंग हरवत चालला. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वेग वाढवू नकोस, असे मात्र त्याला सांगू नका. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो आणि १४५ चा चेंडू त्याहून जेमतेम पाच शतांश सेकंद आधी येतो. पण फटका आवरता घेण्याची उसंत तेवढ्यानेही हिरावली जाते. जुना चेंडू आणि निर्जीव खेळपट्टी असेल, तर वेगाशिवाय गोलंदाजाच्या हाती फारसे काही उरत नाही.

तरीही सरळ येणाऱ्या चेंडूची चांगल्या फलंदाजाला सवय होते. २००३ च्या विश्वचषकात केपटाऊन येथे शोएब अख्तरने ताशी १६१.३ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू इंग्लंडच्या निक नाइटने लेग साइडला खेळून काढला होता. उलट, बॅटची रुंदी फार तर १०.८ सेंटिमीटर असल्यामुळे मधोमध लागणारा चेंडू शेवटच्या क्षणी साडेपाच सेंटिमीटर सरकला, तरी तो कड घेतो. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने पुढे चेंडू टाकण्याआधीची धाव आखूड केली, थोडा वेग सोडून ताबा मिळवला आणि २००७ च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत नऊ बळी घेऊन भारताला जिंकून दिले. त्या विजयामुळे हाती आलेल्या मालिकेचे मोल मला आजही फार वाटते.

पुतण्याचा स्विंग बहुधा वेगामुळे नव्हे, तर वेगासाठी लावलेल्या जोरामुळे गेला असावा. अतिवेगात नव्या चेंडूच्या गुळगुळीत बाजूवरची हवाही विस्कटते, ज्यामुळे चेंडू वळतो तो दोन्ही बाजूंतला फरक मिटतो आणि स्विंग घटतो हे खरे. पण ती मर्यादा त्याच्या वयाच्या मुलाला सहसा लागू होत नाही. जोर लावताना उजव्या हाताच्या गोलंदाजाचे डोके डावीकडे कलते, मनगट चेंडूच्या मागून बाजूला घसरते आणि स्लिपकडे रोखून उभी राहायला हवी ती शिवण हवेत डगमगू लागते. मोबाइलवर संथ गतीने चित्रण करून त्याची शिवण तपासा, किंवा अर्धा लाल, अर्धा पांढरा चेंडू सरावाला द्या. मनगट कलले की दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि चूक त्याची त्यालाच कळते. शिवण स्थिर राहील तेवढ्याच वेगाने त्याने सध्या गोलंदाजी करावी. पाय, कंबर आणि पाठ बळकट होत जाईल तसा वेग हळूहळू वाढवावा. चाचणीत नवा चेंडू मिळाला, तर टप्पा पुढेच ठेवावा, कारण आखूड टप्प्याच्या चेंडूला वळायला हवेत पुरेसे अंतर मिळत नाही.