विमाने दिसतात, वैमानिक का दिसत नाहीत?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांच्या चित्रांत वैमानिकांचे चेहरे का आढळत नाहीत?

उत्तर : दुरून पाहिलेल्या लढाईत चेहरा दिसत नाही, हे खरे आहे. पॉल नॅश यांनी १९४१ साली रंगवलेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रात टेम्सच्या मुखावर पसरलेले आकाश, विमानांमागे उमटलेले धवल पट्टे आणि कोसळणाऱ्या विमानाचा काळा धूर हेच ठळकपणे दिसते, आणि तरीही ते मला विलक्षण जिवंत वाटते. चेहरे पाहायचे असतील, तर कथबर्ट ऑर्ड यांची कोळशाची रेखाचित्रे अवश्य पाहावीत. पहिल्या महायुद्धात स्वतः वैमानिक असलेल्या ऑर्ड यांनी ब्रिटिश हवाई मंत्रालयासाठी दीडशेहून अधिक लढाऊ वैमानिकांना समोर बसवून रेखाटले. त्यांतील कित्येक तरुण युद्धातून परतलेच नाहीत.