जुना पीसी टीव्हीला जोडताय? आधी मागचं पोर्ट बघा

अहो, केबल घ्यायला धावू नका. आधी पीसीच्या मागे वाकून बघा. निळं, १५ पिनांचं पोर्ट असेल तर ते व्हीजीए. १९८७ सालचं हे तंत्र ॲनालॉग आहे आणि टीव्हीवरचं एचडीएमआय पोर्ट डिजिटल. म्हणून एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी स्वस्त केबल इथे कामाची नाही. नवखे हमखास फसतात ते इथेच (मीही फसलोय, ती केबल अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे).

टीव्हीलाच व्हीजीए असेल, 'पीसी इन' लिहिलेलं, तर प्रश्नच मिटला. नसेल तर कन्व्हर्टर घ्या, पण घेताना:

- 'व्हीजीए टू एचडीएमआय' असाच हवा. उलट दिशेचा चालत नाही.
- यूएसबीची वायर असलेला बघा, त्याला वीज लागते.
- व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यामुळे ३.५ मिमीची ऑडिओ वायरही हवी.

पांढरं डीव्हीआय पोर्ट असेल तर नशीबवान आहात. साध्या डीव्हीआय-एचडीएमआय केबलवर चित्र येतं, आवाजाचं तेवढं वेगळं बघावं लागतं.

जोडण्याआधी जुन्या मॉनिटरवरच रिझोल्यूशन १०२४ × ७६८ करून ठेवा. 'नो सिग्नल' आलं तर घाबरू नका, आधी रिमोटवरून सोर्स तपासा. रिफ्रेश रेट वगैरे नंतर बघू, आधी चित्र तर येऊ द्या!