दक्षिण चीनची भटकंती : पाऊस आणि उंची पाहून आखलेला मार्ग

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी महाविद्यालयात शिकवतो आणि सह्याद्रीत भटकण्याची आम्हाला अनेक वर्षांची सवय आहे. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आम्हाला सलग २१ दिवस मिळणार आहेत. प्रवासी कंपनीबरोबर न जाता पाठीवर सॅक घेऊन दक्षिण चीन पाहावा असा विचार आहे. हाँगकाँग, ग्वांगझू, गुइलिन, यांगशुओ, कुनमिंग, दाली, लिजियांग आणि शांग्री-ला अशी यादी केली आहे. हे सर्व जमेल का आणि कोणत्या क्रमाने जावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील ‘उन्हाळी’ या शब्दापासूनच सुरुवात करावी लागेल. आपला उन्हाळा मेअखेर सरत येतो, तर चीनमधला जूनमध्ये सुरू होतो आणि दक्षिणेत तो प्रामुख्याने पावसाचा असतो. ग्वांगडोंग आणि ग्वांगशी या भागांत मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जो मुसळधार पाऊस पडतो, त्याला तिकडचे लोक ‘ड्रॅगन नौकांचे पाणी’ म्हणतात, कारण नौकांच्या शर्यतींचा सणही त्याच सुमारास येतो. जून २०२४मध्ये ली नदीचे पाणी गुइलिन शहरात शिरले होते आणि तिथले रेल्वे स्थानकही बंद ठेवावे लागले होते. पश्चिमेकडील युन्नान प्रांतात मात्र मोसमी पाऊस मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी पोहोचतो आणि त्यापूर्वीचे दिवस बहुधा कोरडे असतात. म्हणून आपण केलेल्या यादीचा क्रम उलटा करावा, असे मी आग्रहाने सुचवेन : आधी कुनमिंग, दाली, लिजियांग असलेले युन्नानचे पठार आणि परतताना गुइलिन-यांगशुओकडची ग्वांगशीची खोरी.

हाँगकाँग या खेपेस वगळावे. तिथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांना आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि तिथून पुन्हा मुख्य भूमीवर यायचे तर चीनचा व्हिसा दोन प्रवेशांचा असावा लागतो. चीनने अनेक देशांना व्हिसामाफी दिली आहे, परंतु त्या यादीत भारत नाही. तेव्हा पर्यटक व्हिसासाठी साधारण दोन महिने आधी तयारीला लागावे आणि अर्जाबरोबर देण्यासाठी दिवसवार कार्यक्रम व मुक्कामांची आरक्षणे तयार ठेवावीत. पाच वर्षांहून अधिक काळ बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. आधी कोलकात्याहून आणि मग दिल्लीहून ग्वांगझूला विमाने जाऊ लागली. ग्वांगझूला उतरून एक रात्र विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी जलदगती रेल्वेने कुनमिंग गाठावे. या प्रवासात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, पण सपाट ओल्या प्रदेशातून पठारावर चढत जाणारी भूमी खिडकीतून पाहण्यासारखी असते.

कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, दाली त्याहून थोडे वर, लिजियांग २,४०० मीटरवर आणि शांग्री-ला ३,२०० मीटरच्या वर. शरीराला उंचीची सवय होण्यासाठी हाच क्रम योग्य आहे. कुनमिंगहून दाली रेल्वेने दोन तासांवर आहे. अरहाय सरोवर आणि चार हजार मीटरपर्यंत चढत जाणारी त्सांगशान पर्वतरांग यांच्यामध्ये वसलेल्या या जुन्या गावात तीन दिवस सहज जातात. सरोवराकाठच्या बाय समाजाच्या खेड्यांमधून सायकलने फिरावे. त्यानंतर बहुतेक प्रवासी थेट लिजियांगला जातात, पण वाटेतल्या शाशी या गावी उतरून दोन रात्री राहावे. चहा आणि घोडे यांच्या व्यापाराच्या जुन्या ‘चहा-घोडे मार्गा’वरची ही बाजारपेठ अजून शांत आहे. शुक्रवारी तिथे आठवड्याचा बाजार भरतो आणि आसपासच्या डोंगरांतील माणसे माल घेऊन खाली उतरतात. लिजियांगच्या जुन्या नगराला १९९७मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, परंतु आज तिथे दुकानांची आणि पर्यटकांची एवढी दाटी असते की एक संध्याकाळ पुरेशी आहे.

सह्याद्री पायाखाली घातलेल्या आपल्यासारख्यांसाठी खरे आकर्षण आहे ते लिजियांगच्या उत्तरेची ‘वाघउडी घळ’ (टायगर लीपिंग गॉर्ज). एका बाजूला ५,५९६ मीटर उंचीचा जेड ड्रॅगन हिमपर्वत आणि दुसऱ्या बाजूला हाबा पर्वत, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून धडधडत जाणारी जिनशा नदी. घळीच्या वरच्या अंगाने जाणारी पायवाट दोन दिवसांत आरामात होते. मध्ये गावकऱ्यांची अतिथीगृहे असल्यामुळे तंबू किंवा शिध्याचे ओझे नेण्याची गरज नाही. चढाचा कस पहिल्या दिवशी ‘अठ्ठावीस वळणां’वर लागतो. मात्र एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी : पाऊस सुरू झाल्यावर या वाटेवर दरडी कोसळतात. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी आणि स्थानिकांनी नको म्हटले तर माघारी फिरावे. आपल्याकडच्या घाटवाटांवर पावसाळ्यात जो विवेक आपण बाळगतो, तोच इथेही बाळगावा. शांग्री-लापर्यंत नोव्हेंबर २०२३पासून रेल्वे जाते, त्यामुळे मोह होईल, पण २१ दिवसांत ते घेतले तर पुढचा एखादा सुंदर टप्पा गाळावा लागेल.

तो टप्पा म्हणजे गुइझोऊ प्रांत, जो आपल्या यादीत नाही. कुनमिंगला परतल्यावर तिथून गुइझोऊची राजधानी गुइयांग रेल्वेने अडीच तासांच्या आसपास आहे आणि गुइयांगहून ग्वांगझूकडे जाणारा जलदगती लोहमार्ग, जो डिसेंबर २०१४मध्ये सुरू झाला, मिआओ आणि दोंग समाजांच्या डोंगराळ मुलखातून जातो. त्यावरच्या त्सोंगजियांग स्थानकावर उतरून चाओशिंग या दोंग गावी तीन रात्री राहावे. लाकडी घरांच्या या गावात पाच ढोल-मनोरे आहेत, गावातल्या प्रत्येक कुळशाखेचा एक. दोंग लोकांचे समूहगान संगीतसाथीशिवाय अनेक सुरांत गायले जाते आणि २००९पासून त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात आहे. गावाच्या वर तांगआन नावाचे खेडे आहे. भातखाचरांच्या कडेने तिथवर चालत जाता येते.

याच मार्गाने पुढे आपण गुइलिनला पोहोचाल तेव्हा जून उजाडलेला असेल आणि पाऊस भेटेलच. तरीही त्या दिवसांचे एक देणे आहे. गुइलिनहून बसने दोन-तीन तासांवर असलेल्या लोंगजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत याच सुमारास पाणी भरून भाताची लावणी चालते. कोकणातल्या किंवा मावळातल्या लावणीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढलेली ती आभाळ धरणारी खाचरे पाहून काय वाटेल, हे मी सांगायला नको. तिथे दाझाय गावात दोन रात्री राहावे. शेवटचे तीन दिवस यांगशुओसाठी ठेवावेत. लक्षात असू द्या की ‘यांगशुओ’ नावाचे रेल्वे स्थानक यांगशुओ गावात नसून शिंगपिंगजवळ आहे आणि तिथून पुढे बस घ्यावी लागते. शिंगपिंगजवळच वीस युआनच्या नोटेवर छापलेले ली नदीचे दृश्य आहे. नदीला पाणी चढले की नौका बंद होतात, म्हणून या टप्प्यात एक दिवस मोकळाच ठेवावा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री ग्वांगझूत पोहोचलेले असावे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. चीनमध्ये आमचे खाण्याचे हाल होतील असे सर्व जण सांगतात. हे खरे आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : हाल होत नाहीत, पण शब्द नेमके वापरावे लागतात. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर अनेकदा त्याचा अर्थ ‘डुकराचे मांस नको’ असा घेतला जातो, आणि मग ताटात कोळंबी किंवा मांसाचा रस्सा येऊ शकतो. त्याऐवजी ‘वो छ सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, असे सांगावे. बौद्ध परंपरेमुळे ‘सू’ या शब्दाला तिथे आदराचा अर्थ आहे. शिवाय मांस, मासे, अंडी, हाडांचा रस्सा आणि डुकराची चरबी यांपैकी काहीही चालत नाही, असे चिनी लिपीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. चरबीचा उल्लेख विसरू नये, कारण पालेभाजीसुद्धा तिच्यात परतलेली असू शकते. गुइलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांचा रस्साही हाडांचाच असतो. उलट, ‘मत्स्यगंधी वांगे’ अशा नावाच्या पदार्थात मासा नसतो, पण बहुधा खिमा घालतात. तो वगळून मागता येतो.

मोठ्या बौद्ध मंदिरांच्या परिसरात शाकाहारी भोजनालये शोधावीत. कुनमिंगचे युआनतोंग मंदिर आणि ग्वांगझूचे सहा वडांचे मंदिर यांच्या आसपास ती आढळतात. युन्नानमध्ये आपली सोय सर्वांत चांगली होईल. दालीकडे शेळीच्या दुधाचे, पनीरशी अगदी जवळचे ‘रूबिंग’ तव्यावर परतून देतात, निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या पोळीत तिखट चटणी भरून देतात आणि पावसाळ्यात बाजार रानअळंब्यांनी भरून जातो. अळंबी मात्र उपाहारगृहातच आणि पूर्ण शिजलेली खावी, कारण कच्ची राहिल्यास काही जाती विषारी ठरतात. रेल्वेगाड्यांत आणि स्थानकांवर पिण्यासाठी उकळते पाणी विनामूल्य मिळते, त्यामुळे घरून नेलेले झटपट उपम्याचे मिश्रण आणि शेंगदाण्याची चटणी फार उपयोगी पडते.

प्रश्न : आम्हाला जुलै-ऑगस्टमध्येच रजा मिळते. त्या काळात जावे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : जावे, पण किनारपट्टी टाळून. त्या महिन्यांत ग्वांगडोंगच्या किनाऱ्यावर टायफून येतात आणि चिनी शाळांना सुट्टी असल्याने गर्दीही मोठी असते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे गुइयांग आणि त्याभोवतीचा गुइझोऊ प्रांत तेव्हा सुखद थंड असतो, तेव्हा मुक्काम तिकडेच अधिक ठेवावा. रेल्वेची तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी विक्रीला येतात. ती त्याच दिवशी घ्यावीत.

प्रश्न : पैसे, फोन आणि मुक्काम यांबाबत स्वतंत्र प्रवाशाने कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तिथे भाजीवालासुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेतो. अलिपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपमध्ये पासपोर्टद्वारे ओळख पटवून आपले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड जोडता येते. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नसते, त्यावर तीन टक्के पडते. वीचॅट या तशाच दुसऱ्या ॲपवर भारतात जून २०२०पासून बंदी असल्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. कार्डावरील परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी बँकेकडून सुरू करून घ्यावेत आणि ओटीपी येण्यासाठी भारतीय क्रमांकाचे रोमिंग चालू ठेवावे. त्याचा आणखी एक लाभ असा की चीनमध्ये बंद असलेले गूगल आणि व्हॉट्सॲप भारतीय सिमच्या रोमिंग डेटावर सहसा चालतात, पण हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. तरीही काही रोकड युआन जवळ असावेत.

परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे चोवीस तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करते, परंतु लहान गावातील अतिथीगृहांना ती पद्धत माहीत नसू शकते, म्हणून आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. रेल्वेत पासपोर्ट हेच तिकीट असते, तेव्हा तो सॅकच्या तळाशी ठेवू नये. स्थानकात शिरताना सामान तपासले जाते आणि ट्रेकसाठी नेलेला चाकू हमखास जप्त होतो. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेवर चीनच्या सुरक्षा-प्रमाणपत्राचे ‘थ्री-सी’ (CCC) चिन्ह आहे का ते पाहावे, कारण २८ जून २०२५पासून ते चिन्ह नसलेली पॉवर बँक विमानात नेऊ देत नाहीत. भारतातून नेलेल्या पॉवर बँकांवर ते बहुधा नसते.