परोपजीवी गांधीलमाशीतला विषाणू तिला मारत का नाही? त्याचं वर्गीकरण कसं करतात?

तुमचा प्रश्न माझ्या बांधावरचाच आहे. मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवतो आणि मोहोळजवळ आमचं हरभऱ्याचं रान आहे.

थंडीत तिथं पानावर तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्या ठिपक्यांचा करडा कोष सापडतो. शेजारी घाटे अळीचं सुकलेलं कातडं चिकटलेलं असतं. हे काम कॅम्पोलेटिस क्लोरिडी या बारीक गांधीलमाशीचं. ती कोवळ्या अळीत अंडं घालते. अळीच्या रक्तातल्या पेशींनी खरं तर त्या अंड्याला वेढून गुदमरवायला हवं. पण अंड्याबरोबर विषाणूचे कणही आत जातात आणि त्यांतली जनुकं त्या पेशींना निकामी करतात.

हे कण माशीच्या अंडाशयाच्या एका भागातच तयार होतात. ते घडवणारी जनुकं तिच्या गुणसूत्रांतच असतात आणि आईकडून लेकीकडं जातात. कणांत मात्र ती भरली जात नाहीत, त्यामुळं अळीत नवे कण बनत नाहीत. माशीचा वंश चालला तरच विषाणूचा चालतो. मग तो तिला मारेल कशाला? मी तर वर्गात याला माशीचा अवयवच म्हणतो.

वर्गीकरणाची गोष्ट याहून सुरस आहे. ब्रॅकोनिड या गटातल्या माश्यांमधले ब्रॅकोव्हायरस आणि इक्न्यूमोनिड या गटातल्या (कॅम्पोलेटिस याच गटातली) माश्यांमधले इक्नोव्हायरस पॉलिड्नाव्हिरिडी या एकाच कुळात धरले गेले, कारण दोघांच्याही कणांत डीएनएची अनेक वर्तुळं असतात. २००९ साली कळलं की ब्रॅकोव्हायरस हे किड्यांना बाधणाऱ्या न्यूडीव्हायरसचे वंशज आहेत. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी असा एक विषाणू माशीच्या पूर्वजात कायमचा मुरला. इक्नोव्हायरसचा मूळपुरुष वेगळाच निघाला. म्हणजे कूळ एक नव्हतंच, युक्ती तेवढी सारखी, आणि ती स्वतंत्रपणे दोनदा घडली! आता विषाणू वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय समिती यांना विषाणू न म्हणता 'व्हायरीफॉर्म', म्हणजे विषाणूरूप, म्हणते. मला ते पटतं.

न्यूडीव्हायरसची सख्खी भावकी म्हणजे बॅक्युलोव्हायरस. आपण घाटे अळीसाठी हरभऱ्यावर फवारतो तो एचएएनपीव्ही हा विषाणू त्यांतलाच. त्यानं मेलेली अळी फांदीला उलटी लोंबते, माशीनं मारलेल्या अळीशेजारी कोष असतो. औषध मारण्याआधी दहा झाडं हलक्या हातानं चाळून बघा. करडे कोष दिसले, तर रासायनिक फवारा काही दिवस लांबवा, कारण कोषातून उडणारी माशीही त्या फवाऱ्यानं मरेल.