दोन-तीन दिवसांच्या सहलीहून ताजंतवानं होऊन परत यायचं तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सलग सुट्टी मिळाली की कुठे जायचं हे ठरवण्यातच आठवडा जातो, तिथे पोचल्यावर नुसती धावपळ होते आणि घरी येता तेव्हा निघतानापेक्षा जास्त दमलेले असता. बरेच जण हेच सांगतात. मला वाटतं, गडबड पहिल्याच पायरीवर होते. आपण आधी ठिकाण ठरवतो आणि मग त्यात वेळ बसवायला जातो. छोट्या सहलीला आधी तास मोजावेत आणि ठिकाण सगळ्यात शेवटी निवडावं.

एकदा कागदावर मांडून बघा. समजा, पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला घर सोडणार आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला घरी परत. हातात ४८ तास. त्यातले १६ झोपेचे. आंघोळी, जेवणं, खोली ताब्यात घेणं आणि सोडणं, बॅगा भरणं, सगळ्यांचं आवरेपर्यंत थांबणं यात आठ तास सहज जातात, बरोबर लहान मुलं असतील तर दहा धरा. उरले २४. एका बाजूचा प्रवास सहा तासांचा असेल तर त्यातले १२ रस्त्यातच गेले. तोच प्रवास दोन तासांचा असेल तर चारच जातात आणि २० तास मोकळे मिळतात. सुट्टी तेवढीच, खर्चही साधारण तेवढाच, पण फिरायला मिळणारा वेळ जवळजवळ पावणेदोन पट!

प्रवासाचे तास मोजताना दारापासून दारापर्यंत मोजा. विमान एका तासाचं असलं तरी विमानतळावर जाणं, तपासणीची रांग, सामान मिळेपर्यंतची वाट आणि तिथून मुक्कामापर्यंतचा रस्ता धरला की चार-साडेचार तास होतात. माझा ठोकताळा असा आहे: दोन रात्रींच्या सहलीला एका बाजूला तीन तासांच्या वर जाऊ नये. चार रात्री असतील तर पाच-सहा तास चालतात. रेल्वेच्या खिडकीत बसून बाहेर बघणं हाच ज्यांच्या आनंदाचा भाग आहे त्यांनी मात्र हा हिशेब खुशाल बाजूला ठेवावा, त्यांची सहल गाडीत बसल्याबसल्याच सुरू होते.

जवळच गेलो म्हणजे खरी सहल झाली नाही, असं मनात येत असेल तर एक गोष्ट सांगतो. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टर ते लफबरो अशी रेल्वेसहल काढली. संघटित पर्यटनाचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख हटकून होतो. अंतर होतं जेमतेम अकरा-बारा मैल, माणशी एक शिलिंग घेतला होता, आणि सुमारे ५०० माणसं सकाळी जाऊन त्याच दिवशी परत आली होती.

आता थकव्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. नेदरलँड्समध्ये येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड हजारावर लोकांचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होती. परत आल्यावर मात्र बहुतेकांत आणि घरी राहिलेल्यांत काही फरक उरला नव्हता. ज्यांनी आपली सुट्टी ‘अगदी निवांत’ गेली असं सांगितलं, फक्त त्यांचाच आनंद घरी आल्यावरही काही दिवस टिकला. त्याच देशात जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लांब सुट्ट्यांबद्दल लिहिलं. सरासरी २३ दिवसांची सुट्टी घेतलेल्या लोकांचं बरं वाटणं आठव्या दिवसाच्या आसपास कळसाला पोचलं आणि कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच पूर्वपदावर आलं. मी यातून दोन गोष्टी घेतल्या. वर्षाची सगळी रजा एकाच मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवू नये, तिचे तुकडे करून वर्षभर पसरावेत. आणि आधीचा आनंद वाया जाऊ देऊ नये. सहल आदल्या रात्री ठरवली तर वाट बघण्यातली मजा हातची जाते, म्हणून तीन-चार आठवडे आधी ठरवून मोकळं व्हा. ठरवायला आठवडा लागतो म्हणता, त्यावरही उपाय आहे: तीन तासांच्या आत काय काय आहे याची यादी निवांत वेळी एकदाच करून ठेवा, सुट्टी आली की त्यातलं एक उचला.

मुक्काम एकच ठेवा. दोन रात्रींत दोन गावं, दोन हॉटेलं हा प्रकार मला अजिबात पटत नाही. सामान बांधण्या-सोडण्यात अर्धा दिवस जातो हे झालंच, पण झोपेचंही नुकसान होतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा सावध राहतो, बारीकशा आवाजानेही जाग येते. रोज जागा बदलली तर रोजच पहिली रात्र. म्हणून पहिल्या रात्रीनंतरची सकाळ शक्यतो रिकामी ठेवावी. पहाटे पाचला उठून सूर्योदय बघायचा असेल तर तो दुसऱ्या सकाळी बघावा.

दिवसाला एकच गोष्ट ठरवा. ती मात्र पक्की ठरवा, म्हणजे वेळ, तिकीट, जायचा रस्ता आणि ती जागा त्या दिवशी उघडी आहे ना, हे सगळं बघून. साप्ताहिक सुट्टी बघायची राहून जाते आणि माणसं बंद दारासमोर उभी राहतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी. लहान संग्रहालयं आणि बागांच्या वेळा तर हंगामानुसार बदलतात, तेव्हा फोन करून विचारलेलं बरं. एवढी एक गोष्ट पदरात पडली की बाकीचा दिवस जसा जाईल तसा जाऊ द्या. जवळपास काय काय बघण्यासारखं आहे याची यादी खिशात असू द्यायला हरकत नाही, पण ती संपवायची जबाबदारी घेऊ नका.

रिकाम्या वेळाचं मी एवढं का सांगतोय? मी वडिलांबरोबर एका नदीकाठच्या गावी गेलो होतो. सकाळी ठरलेलं बघून झालं होतं आणि दुपारी आणखी काही बघावं असा माझा विचार होता. वडील काठावरच्या एका बाकावर बसले. समोर एक लाकडी होडी उलटी करून ठेवलेली होती आणि एक म्हातारा माणूस तिच्या फळ्यांमधल्या फटी बुजवत होता. डाव्या हातात बोथट छिन्नी, उजव्या हातात लाकडी हातोडा. कापसाचा पीळ फटीवर ठेवायचा, छिन्नीने आत सारायचा, दोन हलके ठोके आणि एक जोराचा. वीतभर पुढे सरकला की मागे येऊन अंगठा फिरवून बघायचा. जिथे अंगठ्याला सैल लागेल तिथला कापूस उपसून काढायचा आणि पुन्हा भरायचा. वडील आयुष्यभर यंत्रांवर काम केलेले, त्यांनी हळूहळू प्रश्न विचारायला सुरुवात केली. कापूसच का? लाकूड फुगल्यावर काय होतं? त्या माणसाने हातातलं काम न थांबवता सांगितलं, होडी पाण्यात गेली की लाकूडही फुगतं आणि कापूसही, दोघं एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून आत्ता फार ठासून भरायचं नाही, नाहीतर फळीच सुटते. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. त्या गावाची आठवण निघाली की वडील त्या होडीबद्दल बोलतात. हे कुठल्याही यादीत सापडलं नसतं, आणि दुपार भरगच्च आखलेली असती तर आम्ही त्या बाकापाशी थांबलोही नसतो.

बरोबर कोण आहे यावर बरंच ठरतं. चार माणसांच्या चार अपेक्षा असतात आणि त्या न बोलता राहिल्या तर दुसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. निघण्यापूर्वी प्रत्येकाला एकच विचारावं: या सहलीत तुला एक काय हवंय? कुणाला पोहायचं असेल, कुणाला नुसतं झोपायचं असेल. मग ती एकेक गोष्ट प्रत्येकाला मिळेल एवढं बघायचं. दिवसातले दोन-तीन तास ज्याने त्याने आपापलं राहावं, याला कुणी रुसवा समजू नये. वयस्कर माणसं असतील तर पायऱ्या किती आहेत, खोली कितव्या मजल्यावर आहे, स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी विचारा. लाजेने ती स्वतःहून सांगत नाहीत आणि मग दिवसभर पाणी कमी पितात. पैशाचं म्हणाल तर सगळ्यांनी सुरुवातीलाच ठरावीक रक्कम एका पाकिटात टाकावी आणि एकाने खर्च करावा. दर बिलापाशी हिशेब काढत बसलं की चाललेल्या गप्पा तिथेच तुटतात.

सामानाबद्दल थोडक्यात: एका हाताने उचलता येईल एवढीच बॅग, औषधं आणि कागदपत्रं अंगावरच्या छोट्या पिशवीत, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला. आणि पायांच्या ओळखीची चप्पल किंवा बूट. नवीन पादत्राणं सहलीला घालू नयेत.

ऑफिसचा फोन हा जास्त कठीण मामला आहे. पूर्ण बंद ठेवणं जमत असेल तर उत्तमच. जमत नसेल तर रोजची एक वेळ ठरवून घ्या, समजा संध्याकाळी अर्धा तास, आणि ती आधीच कळवून ठेवा. दिवसभर दर दहा मिनिटांनी डोकावण्याने काम होत नाही आणि मनही तिथून सुटत नाही. मुलांना हे आपल्याआधी कळतं. आपण मान डोलावतोय पण ऐकत नाही, हे त्यांना लगेच दिसतं.

शेवटच्या दिवसाची आखणी मी सगळ्यात काळजीपूर्वक करतो. १९९३ मध्ये डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंशांच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेवढंच करून पुढे आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवायला सांगितला, त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ त्रास देणारा दुसरा प्रकारच निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. सहलीचंही तसंच होतं. दोन दिवस छान गेले आणि शेवटचे पाच तास वाहनांच्या रांगेत गेले, तर घरी आल्यावर तोंडात त्या रांगेचंच नाव येतं. म्हणून परतीचं तिकीट आधी काढा, जातानाचं नंतर. सुट्टी संपताना सगळे एकदमच निघतात, त्यांच्या चार तास आधी निघा किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे. शेवटच्या सकाळी नवं काही बघायला जाऊ नका. आवडलेल्या जागी पुन्हा एकदा तासभर जाऊन बसा आणि तिथूनच निघा.

घरी पोचल्यावर किमान एक संध्याकाळ आणि एक पूर्ण रात्र मिळायला हवी. कपडे धुवायला टाकणं, सामान जागच्या जागी लावणं, उद्याची तयारी करणं याला दोनेक तास लागतातच, आणि ते रात्री अकरानंतर करावं लागलं तर तुम्ही म्हणता तो थकवा येणारच. यासाठी सहलीतले चार तास कमी करावे लागले तरी करा. घर निघतानाच आवरून ठेवलं, भांडी घासलेली, अंथरूण घातलेलं, तर परतल्यावर बराच भार हलका होतो. कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी मीटिंग ठेवू नका, साचलेली पत्रं वाचायला तेवढा वेळ लागतोच. शक्य असेल तर सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी दुपारनंतरच तुम्ही भेटाल.